कांद्याच्या चाळीतला बादरायण संबंध

जुलैचा पहिला आठवडा. भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शॉप असलेले एक गृहस्थ कर्वे रोडवरच्या आमच्या ऑफिसात आले आणि ओल्या रेनकोटच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नोटीस काढून टेबलावर ठेवली. ते कांद्याच्या चाळी बांधून देतात. लोखंडी सांगाडा, जाळीच्या भिंती, ढिगाखालून जाणारी भोकं पाडलेली नळी, तिला जोडलेला पंखा, आणि पंखा कधी चालवायचा ते ठरवणारी एक छोटी पेटी. खेड, मंचर, जुन्नर या पट्ट्यात त्यांचं काम चालतं. नोटीस दुसऱ्या एका कंपनीच्या वकिलाची होती: तुमच्या पेटीत जे आहे त्यावर आमचा पेटंट अर्ज आहे, विक्री थांबवा.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगतो. हे प्रकरण दोन-तीन फायलींचे तपशील एकमेकांत मिसळून लिहिलं आहे. माणसं, यंत्राचे बारकावे आणि क्रम बदलले आहेत. वाद मात्र जसा झाला तसाच ठेवला आहे, कारण लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

"साहेब, पंख्याला सेन्सर लावला, यात शोध कसला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हा प्रश्न बरोबर असू शकतो. पण पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य असते.

नोटिशीला घाबरण्याचं तातडीचं कारण नव्हतं. अर्ज नुसता प्रकाशित झाला होता. आपल्याकडे अग्रक्रम तारखेपासून, म्हणजे त्या शोधासाठी पहिला अर्ज केला त्या दिवसापासून, १८ महिन्यांनी अर्ज प्रकाशित होतो. हक्क प्रकाशनाच्या तारखेपासून मोजला जात असला, तरी कोर्टात जायचं तर आधी पेटंट मंजूर व्हावं लागतं. मधल्या काळात पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली कोणीही विरोध नोंदवू शकतो. आमच्या हातात तेच होतं, आणि त्यातही उपकलम (ई): जे आधी प्रसिद्ध झालं आहे ते पाहता हा शोध उघड आहे, त्यात कल्पक पाऊल नाही.

शब्दांचा एक घोळ इथेच मिटवतो. मराठीत 'दावा' म्हणजे कोर्टातली केसही आणि पेटंटमधली हक्काची कलमंही. आमच्या ऑफिसात दुसऱ्याला सरळ क्लेम म्हणतात, मीही तेच म्हणेन.

अर्जाचा क्लेम १ असा होता: कांद्याच्या ढिगाखाली भोकांची नळी, तीत हवा ढकलणारा पंखा, आत आणि बाहेर तापमान व आर्द्रता मोजणारे सेन्सर, आणि बाहेरच्या हवेत पाण्याचं प्रमाण आतल्या हवेपेक्षा कमी असेल तेव्हाच पंखा चालू करणारा नियंत्रक. क्लेम ५ त्यावर अवलंबून होता, पण जास्त चतुर होता: चाळीच्या प्रत्येक कप्प्यात गॅस सेन्सर, नियंत्रक पंखा थोडा वेळ मुद्दाम बंद ठेवतो, कप्प्यातली हवा स्थिरावू देतो, मग मोजतो आणि कोणत्या कप्प्यात कांदा सडायला लागला आहे ते सांगतो.

ज्यांनी चाळ आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये काढला जातो आणि भाव मिळेल या आशेवर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चाळीत पडून राहतो. म्हणजे त्याचा मुक्काम बरोबर पावसाळ्यातून जातो. कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि तो जिवंत असतो, श्वास घेतो, ऊब सोडतो. शीतगृहाशिवाय ठेवायचा तर २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता त्याला मानवते. हवा फार कोरडी झाली की वजन घटतं, दमट झाली की सड लागते, आणि एक सडका कांदा शेजारच्या दहांना घेऊन जातो. म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली असते, भिंती फटींच्या असतात, ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच करत नाहीत. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे. या विषयावरचं साहित्य शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही.

पहिला मसुदा

तीन दिवसांत मी तीन कागद शोधून काढले. पहिला, कृषी अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकातला लेख: चाळीखाली भोकांची नळी आणि टायमरवर चालणारा पंखा. दुसरा, धान्याच्या कोठारासाठीचं परदेशी पेटंट, बरंच जुनं: बाहेरच्या हवेतलं पाणी आणि कोठारातून बाहेर पडणाऱ्या हवेतलं पाणी यांची तुलना करून पंखा चालू-बंद करणारा नियंत्रक. तिसरा, बटाट्याच्या शीतगृहातलं पेटंट: सडताना निघणारे वायू ओळखणारे सेन्सर.

मी तक्ता केला. उभ्या रकान्यात क्लेमचे घटक, आडव्या ओळीत तीन कागद, आणि चौकटींत बरोबरच्या खुणा. प्रत्येक घटकाला कुठे ना कुठे खूण मिळालीच. खाली एक वाक्य लिहिलं: 'वरील तिन्ही दस्तऐवज शेतमालाच्या साठवणुकीशी संबंधित असल्याने त्या क्षेत्रातील जाणकार व्यक्तीने ते एकत्र करणे उघड आहे.' आणि मसुदा मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम म्हणजे आमच्या सीनियर. या धंद्यात त्यांची तीस वर्षं गेली आहेत.

त्यांनी वाचला आणि विचारलं, "बादरायण संबंध माहीत आहे ना?"

माहीत होता. एक गृहस्थ अनोळखी घरी पाहुणा म्हणून उतरतो. नातं काय विचारल्यावर म्हणतो, तुमच्या दारात बोरीचं झाड आहे, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं आहे, म्हणजे आपण नातलगच.

"तुमच्या शेवटच्या वाक्यात तेच आहे. कांदा शेतमाल, गहू शेतमाल, बटाटा शेतमाल. म्हणून सगळे एका पंगतीत."

मग त्यांनी अर्जाची प्रत उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. "हा तुम्ही पाहिलेलाच नाही असं समजा. तुमच्या हातात फक्त पहिला लेख आहे. आता सांगा, दुसरा कागद कुठून आणला?"

"सर्चमध्ये मिळाला."

"सर्चला शब्द कुठले टाकले होते?"

इथे मी गप्प झालो. शब्द मी क्लेम १ मधूनच उचलले होते: आर्द्रतेची तुलना, आत-बाहेर सेन्सर, पंखा नियंत्रण. म्हणजे अर्जदाराने सोडवलेल्या कोड्याचं उत्तर खिशात ठेवून मी कोडं सोडवायला बसलो होतो. पश्चातबुद्धी युक्तिवादात शिरते असं आपण नेहमी म्हणतो. माझ्या बाबतीत ती त्याच्या कितीतरी आधी, सर्चच्या चौकटीतच शिरली होती. विरोधाच्या बहुतेक मसुद्यांत हे होतं असं माझं मत आहे, आणि ते टाळताही येत नाही, कारण क्लेम न बघता शोधणार काय? फक्त मिळालेला कागद मांडताना त्याच्याकडे जाणारी वाट वेगळी, अर्जाला न शिवणारी, दाखवता आली पाहिजे. ती दाखवता येत नसेल तर कागद कितीही तंतोतंत जुळो, तो बोरीचं चाकच.

कायदा काय मागतो

आपल्या कायद्यातली कल्पक पावलाची व्याख्या कलम २(१)(जेए) मध्ये आहे: ज्ञात ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि त्यामुळे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला शोध उघड वाटू नये. दोन कागद कधी जोडायचे याबद्दल व्याख्येत एक अक्षर नाही. ते निकालांतून उचलावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाचा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा १९७८चा निकाल सगळेच उद्धृत करतात. तिथे वाद भांडी लेथवर घट्ट धरून कातण्याच्या साधनाचा होता. ज्ञात गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्या किंवा वर्कशॉपमध्ये होते तशी सुधारणा केली तर ते पेटंटला पुरत नाही, असं कोर्टाने सांगितलं आणि पेटंट टिकलं नाही. भोसरीच्या मालकांना हा निकाल फार आवडला. लेथ म्हटल्यावर आवडणारच. पण 'वर्कशॉपची सुधारणा' हे शेवटी काढायचं अनुमान आहे. तिथवर जायची पायरी आपणच बांधायची असते.

ती पायरी बांधायची हे अलीकडे स्पष्टपणे सांगितलं ते दिल्ली उच्च न्यायालयाने, २०२२च्या ॲग्रिबोर्ड प्रकरणात. कल्पक पाऊल नाही म्हणून अर्ज नाकारायचा असेल तर आधीचं ज्ञान काय होतं, अर्जातला शोध काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरा जाणकाराला कसा उघड होतो, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. नुसता निष्कर्ष चालणार नाही. हा निकाल अर्जदारांचं हत्यार समजला जातो. मॅडमनी तो मला विरोधकाच्या बाजूने वाचायला लावला. आपण जिंकलो तर अर्जदार उच्च न्यायालयात अपील करणार. तिथे आदेश टिकायचा असेल तर 'कसा' या प्रश्नाचं उत्तर आदेशात हवं, आणि आदेशात यायचं असेल तर ते आधी आपल्या म्हणण्यात हवं. कंट्रोलरने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट कार्यालयातल्या अधिकाऱ्याने, आपल्यासाठी कारण शोधून काढावं ही अपेक्षा करू नये.

२०१५च्या रोश विरुद्ध सिप्ला निकालातली पायऱ्यांची शिडी आम्ही मांडणीसाठी घेतली: जाणकार कोण, शोधाचं मर्म काय, त्या तारखेला सर्वसाधारण ज्ञान किती होतं, फरक काय, आणि शेवटी मागे वळून न बघता तो फरक उघड आहे का.

अमेरिकेतल्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या २००७च्या निकालाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो आपल्यावर बंधनकारक नसला तरी इथे सर्रास अर्धाच वाचला जातो. तिथे मोटारीचं मागेपुढे करता येणारं पेडल आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर यांची जोडणी होती. खालच्या कोर्टाची कसोटी होती की जोडण्याची शिकवण, सूचना किंवा प्रेरणा कुठेतरी दाखवा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढा कडकपणा नको. बाजाराची गरज, त्या क्षेत्रात सगळ्यांना छळणारी अडचण, जाणकाराची नेहमीची हुशारी यांतूनही कारण मिळू शकतं. आमच्याकडची तरुण मंडळी इथवर वाचतात आणि 'सामान्य बुद्धी चालते' म्हणून खूश होतात. त्याच निकालात पुढे आहे की घटक सुटेसुटे माहीत होते एवढ्यावरून शोध उघड ठरत नाही, आणि जोडणीच्या कारणाचं विश्लेषण उघडपणे मांडलं पाहिजे. कारण कागदावर छापलेलंच हवं ही अट गेली. कारण हवं ही अट राहिली.

युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने हेच १९८४मध्ये एका औषधी गोळीच्या प्रकरणात, टी २/८३ मध्ये, आणखी नेमकं पकडलं होतं. जाणकाराला हे करता आलं असतं का, हा प्रश्न नाही. काही फायद्याच्या अपेक्षेने त्याने ते केलं असतं का, हा प्रश्न. मराठीत 'करता आलं असतं' आणि 'केलं असतं' यातला फरक शाळकरी मुलालाही कळतो. माझ्या मसुद्यात मात्र सगळीकडे पहिलंच होतं.

मंचरची फेरी आणि लेखाचा शेवटून दुसरा परिच्छेद

मॅडमनी सांगितलं, आधी अडचण शोधा, कागद नंतर. भोसरीच्या मालकांबरोबर मी मंचरजवळच्या एका चाळीवर गेलो. टायमरवाला जुना पंखा होता. शेतकऱ्याला विचारलं, हा पावसातही चालतो का? तो हसला. "आभाळ भरून आलं की आम्ही बंद करतो दादा. नाहीतर बाहेरचा ओलावा आत ओढतो तो. पण रात्री कोण उठतंय?"

उत्तर सोन्यासारखं होतं आणि कायद्यात त्याचा थेट उपयोग नव्हता. आजचं बोलणं अग्रक्रम तारखेआधीचं ज्ञान सिद्ध करत नाही. मालकांनी त्यांच्या सर्व्हिसच्या जुन्या डायऱ्या आणल्या. त्यांत 'ग्राहकाला पावसात पंखा बंद ठेवायला सांगितले' अशा नोंदी होत्या, पण शॉपच्या कपाटातली डायरी प्रसिद्ध झालेली नसते. त्यांना हे पटवायला अर्धा तास लागला. "खरं आहे ना पण साहेब?" खरं होतंच.

परत येऊन मी पहिला लेख पुन्हा वाचला, या वेळी पूर्ण. आधी आकृती आणि निष्कर्ष बघून सोडला होता. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लेखकांनी लिहिलं होतं की दमट दिवसांत टायमर हाताने बंद करावा लागतो, चालवणाऱ्याकडून ते राहून जातं आणि त्या काळात सडीचं प्रमाण वाढलेलं दिसतं. शेतकऱ्याचंच वाक्य, पण छापलेलं आणि तारखेसह. अर्जाच्या कितीतरी आधीचं.

इथून वाट दिसायला लागली. पहिल्याच कागदात अडचण लिहिलेली आहे: टायमरला हवा कळत नाही. माणूस ते काम हाताने करतो आणि विसरतो. मग जाणकार पुढे काय शोधेल? हवा बघून आपोआप चालू-बंद होणारा पंखा. हे शब्द अर्जातून आलेले नाहीत, लेखातल्या तक्रारीतून आलेले आहेत. याच शब्दांनी मी पुन्हा सर्च केला आणि धान्याच्या कोठाराचा तोच दुसरा कागद पहिल्या पानावर आला. कागद तोच होता. या वेळी तो कुठून आणला ते सांगता येत होतं.

एक दरी उरली होती. कांदा बघणारा माणूस धान्याकडे का वळेल? इथे जाणकार कोण हे ठरवणं महत्त्वाचं ठरलं. मालकांच्या मते जाणकार म्हणजे ते स्वतः. अर्जदाराच्या उत्तरात पुढे आलं की जाणकार म्हणजे कांदा उत्पादक शेतकरी. त्याला सेन्सर-नियंत्रक कुठून कळणार? आम्ही मांडलं की चाळीची हवा खेळवण्याची रचना हा कृषी प्रक्रिया अभियंत्याचा विषय आहे. आणि नुसतं मांडलं नाही, तर पदवीच्या अभ्यासातल्या एका पाठ्यपुस्तकाचं प्रकरण जोडलं, ज्यात धान्य, बटाटा आणि कांदा यांच्या ढिगातून हवा खेळवण्याची गणितं एकाच आलेखावरून, एकाच प्रकरणात शिकवली होती. पाठ्यपुस्तकात आहे म्हणजे ते सर्वसाधारण ज्ञान आहे असं म्हणायला चांगला आधार मिळतो. सोबत या विषयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात आम्ही त्यांना एकच पथ्य पाळायला सांगितलं होतं: अर्ज न वाचता, फक्त लेख वाचून, त्या सालात तुम्ही काय केलं असतं ते लिहा.

अर्जदाराचं म्हणणं आणि एक आकडेमोड

उत्तर जोरदार आलं. पहिला मुद्दा: धान्य कोरडं, कांदा ओला. धान्यात हवा जितकी कोरडी तितकं बरं. कांद्यात ती फार कोरडी झाली तर वजन जातं. म्हणून कांद्याचा माणूस धान्याच्या कागदाकडे पाठच फिरवेल.

मुद्दा खोटा नव्हता. जोडणीपासून दूर नेणारी शिकवण हा बचाव जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेत १९६६च्या ॲडम्स प्रकरणात मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराईडची साध्या पाण्यावर चालणारी बॅटरी त्यामुळेच टिकली. घटक माहीत होते, पण अशा बॅटऱ्या चालत नाहीत, धोकादायक आहेत, असंच जुनं साहित्य सांगत होतं.

पण इथे क्लेम १ मध्ये कोरडेपणाची खालची मर्यादा नव्हतीच. त्यात एवढंच होतं की बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असेल तर आत घेऊ नका. तेवढ्यापुरतं गव्हाला आणि कांद्याला सारखंच हवं असतं. वजन घटण्याची काळजी अर्जाच्या वर्णनात होती, क्लेममध्ये नव्हती. जे क्लेममध्ये नाही त्याच्या जोरावर क्लेम वाचवता येत नाही.

दुसरा मुद्दा त्यांचा असा की नुसती आर्द्रतेची टक्केवारी न बघता हवेतलं प्रत्यक्ष पाणी बघणं, हेच आमचं कल्पक पाऊल. सुनावणीत मॅडमनी एक साधी आकडेमोड पुढे ठेवली. बाहेर ३२ अंश आणि ६० टक्के, आत २६ अंश आणि ७५ टक्के. टक्केवारी पाहिली तर बाहेरची हवा कोरडी वाटते. पण घनमीटरमागे पाणी मोजा: बाहेर सुमारे २० ग्रॅम, आत सुमारे १८. पंखा चालवला तर ओलावा आतच येणार. हे खरंच महत्त्वाचं आहे. फक्त ते धान्याच्या कागदात याच कारणासाठी लिहिलेलं होतं आणि पाठ्यपुस्तकातल्या आलेखाचा उपयोगही हाच होता.

तिसरा मुद्दा प्रयोगांचा. अर्जदाराने वजनातली घट कमी झाल्याचे तक्ते दिले होते. दिसायला छान. पण तुलना होती पंखाच नसलेल्या साध्या चाळीशी. कल्पक पाऊल मोजायचं ते सर्वात जवळच्या ज्ञात गोष्टीपासून, आणि ती होती टायमरची चाळ. तिच्याशी तुलना केलेला एकही आकडा फाइलवर नव्हता. हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक जण बघत नाहीत.

कलम ३(एफ), म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी, हा आधार मी मसुद्यात घातला होता. मॅडमनी काढला. इथे सेन्सर पंख्याला हुकूम देतो, घटक एकमेकांवर अवलंबून आहेत. तो मुद्दा लावला असता तर आमचंच हसं झालं असतं.

तिसरा कागद

आता क्लेम ५. पहिला लेख, दुसरं पेटंट आणि बटाट्याचं तिसरं, असा तिहेरी जोड मी लावला होता. शेतमालाचं नातं इथेही होतंच, शिवाय सड ओळखण्याची गरज पहिल्या लेखातही लिहिलेली. मला ही जोडणी क्लेम १ इतकीच पक्की वाटत होती.

मॅडमनी विचारलं, शीतगृहात वायू का सापडतो? खोली बंद असते म्हणून. तिथे तो साचतो आणि सेन्सरला कळतो. चाळीचं सगळं तंत्रच उलट आहे, भिंतीला फटी आणि खालून वारा. तिथे सेन्सर टांगला तर वायू साचण्याआधीच उडून जाईल. पहिला कागद हवा खेळती ठेवायला सांगतो आणि तिसरा हवा कोंडली आहे असं गृहीत धरतो. दोघांना एकत्र बसवायचं तर एकाचं मूळ कामच मोडावं लागतं. अर्जदाराने तिथे पंखा थांबवून, हवा स्थिरावू देऊन, मग मोजण्याची युक्ती केली. ती तिन्ही कागदांत नव्हती. पाठ्यपुस्तकात नव्हती. प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, "सुचलं असतं की नाही, शपथेवर सांगता येणार नाही." त्यांच्या या प्रामाणिकपणाचा मला तेव्हा राग आला होता.

मी म्हटलं, तरी ठेवू या, लागला तर लागला. मॅडम नको म्हणाल्या. कमकुवत जोड शेजारी उभा केला की कंट्रोलरला पक्क्या जोडातही शिवण दिसायला लागते. शिवाय आपल्या ग्राहकाच्या पेटीत गॅस सेन्सर नाही. क्लेम ५ जगला काय, मेला काय. आम्ही लेखी म्हणण्यात क्लेम ५ वर दोन ओळी ठेवल्या आणि सुनावणीत त्यावर जोर दिला नाही.

आदेश यायला पुढचं वर्ष उजाडलं. क्लेम १ बद्दल कंट्रोलरने पहिल्या लेखातला तो परिच्छेद उतरवून घेतला होता: अडचण तिथे लिहिलेली, तोडगा शेजारच्या क्षेत्रात त्याच अडचणीसाठी वापरात, दोन्ही क्षेत्रं एकाच अभियंत्याच्या अभ्यासात. सुनावणीनंतर अर्जदाराने क्लेम ५ मधली पंखा थांबवून मोजण्याची अट क्लेम १ मध्ये ओढून घेतली होती. त्या अरुंद स्वरूपात पेटंट मंजूर झालं.

"म्हणजे आपण जिंकलो ना साहेब?" मालकांनी फोनवर विचारलं. त्यांची पेटी आता त्या क्लेमच्या बाहेर होती. मी हो म्हणालो. नोटीस पुन्हा आली नाही.

यंदा एप्रिलमध्ये कांदा चाळीत जायच्या सुमारास ते ऑफिसात आले, या वेळी नोटिशीशिवाय. जुन्नरकडचे शेतकरी विचारतायत म्हणाले, कुठल्या कप्प्यात वास सुटलाय ते सांगणारं काही बसवता येईल का. "सेन्सर स्वस्त झालेत आता. पंखा दहा मिनिटं थांबवला की कळतं, आम्ही करून बघितलंय."

मी त्यांना बसवलं आणि मंजूर क्लेम वाचून दाखवला. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा तो तिसरा कागद लावला असता तर?"

मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला पुन्हा विरोध करता येतो. त्यातले चार महिने उरले आहेत. बटाट्याचं पेटंट परत माझ्या टेबलावर आलं आहे आणि मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं आहे. त्यातली खोली अजून बंदच आहे.